टीसी भरताना भट्टीचे तास कापू नका

धारवाडच्या पश्चिमेला मलनाड सुरू होतो, पूर्वेला काळ्या मातीचा सपाट मुलूख. ‘टीसी जळाला’ म्हटले की दोन्हीकडचा शेतकरी हवालदिल होतो. महाराष्ट्रात ज्याला डीपी म्हणतात, तोच हा ११,००० व्होल्ट घेऊन ४३३ व्होल्ट देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. हुबळीत मुख्यालय असलेली हेस्कॉम २००२ पासून बेळगाव, उत्तर कन्नडसह सात जिल्ह्यांना वीज पुरवते. निकामी टीसी शहरात २४ तासांत आणि खेड्यात ७२ तासांत बदलावा, असे राज्याच्या वीज नियामक आयोगाचे मानक आहे. पीक पाण्यावाचून उभे असताना ही मुदत हवीच. पण बदलून येणारा टीसी पुष्कळदा दुरुस्त केलेला असतो, आणि कॉइल वाळवून वार्निश देण्याचे काम घाईने उरकत नाही.

एचटी, म्हणजे उच्च दाबाची, कॉइल भरणे हे अजूनही हातातले कसब आहे. बारीक तारेचा एक थर, त्यावर क्राफ्ट पेपर, पुन्हा तार. थराच्या दोन्ही टोकांना कागद थोडा पुढे ठेवावा लागतो, नाहीतर ठिणगी कडेने वाट काढते. १८३१ मध्ये फॅरेडेने लोखंडी कड्यावर तारा गुंडाळल्या तेव्हा मध्ये सुती कापड आणि दोरा घातला होता. आज ते काम कागद करतो. मात्र कागद हवेतली ओल शोषतो, पावसाळ्यात तर फारच. म्हणून कॉइल आधी भट्टीत कोरडी करायची, कोमट असतानाच वार्निशमध्ये बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवायची, मग निथळवून पुन्हा भाजायची.

ओली कॉइल बुडवणे म्हणजे ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारणे. ओल आतच कोंडते.

बुडबुडा राहिला तरी घात होतो. विजेचा ताण भोवतालच्या इन्सुलेशनपेक्षा त्या पोकळीतल्या हवेवर जास्त पडतो, आणि हवा तो सोसण्यात दुबळी. तेथे बारीक ठिणग्या झडू लागल्या की कागद कुरतडला जातो आणि अखेर दोन वेढे एकमेकांना भिडतात. इन्सुलेशन मोजणारे मेगर यंत्र हे दाखवत नाही. ते कॉइल आणि टाकी, एचटी आणि एलटी (कमी दाबाची कॉइल) यांच्यामधले इन्सुलेशन तपासते. शेजारच्या वेढ्यांसाठी वाढीव वारंवारतेवर दुप्पट व्होल्टेज देऊन वेगळी चाचणी करावी लागते.

म्हणून दुरुस्तीचे मोल नगांवर आणि दिवसांवर ठरवू नये. प्रत्येक दुरुस्त टीसीसोबत एक कार्ड यावे. त्यावर भट्टीतले तास, वार्निशची तारीख, मेगरचे आकडे, वेढ्यांची चाचणी आणि तेल किती किलोव्होल्टला फुटले याची नोंद असावी. मुदत पाळण्यासाठी उपविभागांत तयार टीसींचा साठा वाढवावा.

शेतकऱ्यांनीही टीसी खांबावर चढण्यापूर्वी हे कार्ड मागावे. आत जाणारी हवा कोरडी करणारा ब्रीदर असेल तर त्यातली निळी सिलिका जेलही पाहून घ्यावी. ती गुलाबी पडली असेल, तर तिने पुरती ओल शोषलेली आहे आणि ती तिथल्या तिथे बदलून घ्यायला हवी.