मुहूर्तावरचे अर्थकारण

तुळशीचे लग्न लागले की विवाहसोहळ्यांचे नियोजन पत्करणाऱ्यांची धावपळ सुरू होते. कार्यालय, आचारी, वाढपी, सनई, गुरुजी या सर्वांची सांगड एका घटकेशी घालावयाची असते. अक्षता पडेपर्यंत नियोजकाला घास गिळण्याचीही उसंत नसते. शेवटची पंगत उठल्यावर मात्र त्याच कार्यालयाच्या जाजमावर पत्त्यांचा डाव रंगतो. दिवसभर विहीणबाईंची मर्जी राखणारा नियोजक त्यांच्या रुसव्याची नक्कल करून वाढप्यांना हसवितो. हा विरंगुळा घामाने मिळविलेला आहे. त्यास कोणी नावे ठेवू नयेत.

प्रश्न आहे तो दुसऱ्या, लांबलचक सुटीचा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. नियोजक बारशी, वाढदिवस यांवर निभावून नेतो. रोजंदारीवरील वाढप्याच्या दृष्टीने मात्र ती सुटी नव्हे, बेकारी होय. २०२१ साली सुरू झालेल्या ‘ई-श्रम’ नोंदणीने असंघटित कामगारास ओळख क्रमांक दिला. परंतु ओळख म्हणजे रोजगार नव्हे. मागणी मोजक्या तिथींवर एकवटली की भाव चढतात आणि उरलेले दिवस हात रिकामे राहतात, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये होणाऱ्या विवाहास मुहूर्त लागत नाही. मुहूर्त न मानणाऱ्यांनी तरी आपले समारंभ चातुर्मासात योजावेत. नियोजकांनीही हंगामातील नफ्याचा काही अंश आपल्या माणसांच्या रिकाम्या महिन्यांसाठी राखावा. पत्त्यांचा डाव कामानंतर शोभतो. काम नाही म्हणून मांडलेला डाव कोणालाच शोभत नाही.