‘हात लावू नको, बिघडंल!’

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झालं आणि आमच्या नांदेड-लातूरकडच्या बायकाही वही घेऊन क्लासला जाऊ लागल्या. चपला बाहेर काढायच्या, मगच आत. दसऱ्याला सीपीयूच्या डब्याला झेंडूचा हार. ‘मॅडम, बटण चुकलं तर बिघडंल का हो?’ हे बायकाच विचारायच्या. पुरुष न विचारताच बिघडवून ठेवायचे, तो भाग वेगळा!

मैत्रिणींनो, चुकीचं बटण दाबल्यानं कॉम्प्युटर बिघडत नाही. कॉम्प्युटरवर चुकून खोडलेली फाईलसुद्धा बहुतेक वेळा रिसायकल बिनमध्ये पडून असते. केरात गेलेली जोडवी केर बाहेर टाकेपर्यंत सापडतात ना, तसंच. व्हायरस म्हणजे साथीचा ताप नव्हे, तो कुणीतरी मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम. पूर्वी फ्लॉपीतून यायचा, मग पेनड्राईव्हमधून, आता लग्नपत्रिकेच्या नावानं आलेल्या एपीके फाईलमधूनही येतो. आणि इंग्रजी? फोनमध्ये मराठीत बोललं तरी अक्षरं उमटतात.

पण घराघरांत एकच पालुपद, ‘हात लावू नको.’ मुलाच्या हातात फोन, नवऱ्याच्या हातात पासबुक. बाई खात्याची मालकीण फक्त कागदावर.

लातूरच्या माझ्या नणंदबाई घरीच साड्या विकतात. एकानं फोनवर ऑर्डर दिली. ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.’ त्यांनी टाकला. जमा कसले, खात्यातले ९ हजार गेले! पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला. एवढी साधी गोष्ट घरात त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पिनसुद्धा मुलानंच ठेवलेला.

खरं नुकसान मात्र पुढं झालं. त्या दोन दिवस गप्प बसल्या. मी रागावले, तर म्हणाल्या, ‘वहिनी, सांगितलं असतं तर तुला म्हटलं होतं ना, हेच ऐकावं लागलं असतं.’ अशा वेळी १९३० या नंबरवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यांचा फोन गेला तिसऱ्या दिवशी. तोवर पैसे पुढच्या पुढं काढूनही झाले होते.

फसवणाऱ्याला मी शिव्या देतेच. पण ते दोन दिवस कुणी गिळले? मला विचाराल तर, बाईला शिकवण्याऐवजी भीती घालणाऱ्या घरानं. भाजी जरा करपली तर दुसऱ्या दिवशी चूल बंद ठेवत नाही आपण. मग फोनच्या बाबतीतच एका चुकीवर जन्मभराची बंदी का?

नणंदबाईंनी आता पिन बदललाय. स्वतः, चष्मा लावून, तीनदा चुकून. मुलानं विचारलं, ‘आई, नवीन कोणता ठेवलास?’

त्यांनी सांगितला नाही. मलाही नाही.