प्रार्थना, उपचार आणि शासनाचे उत्तरदायित्व

वाकोल्यासारख्या वस्तीत दारूचा प्रश्न केवळ नीतीचा प्रश्न म्हणून कोणी मांडू लागला, तर तेथील स्त्रिया त्याला हसतील. सांताक्रूझच्या रुळांच्या पूर्वेस, कलिन्याच्या विद्यापीठ संकुलाच्या शेजारी पसरलेल्या या भागात जुनी गावठाणे आहेत, सेंट अँथनी चर्च आहे आणि त्यांच्याभोवती रिक्षाचालक, बांधकाम मजूर व घरकाम करणाऱ्या बाया यांच्या दाट वस्त्या आहेत. येथे दारू म्हणजे शनिवारी हाती पडलेल्या मजुरीतून सोमवारच्या चुलीसाठी काय उरले, याचा हिशेब होय.

अशा घरातील माणूस बाटली सोडू पाहतो, तेव्हा त्याच्यासाठी उघडे असलेले दार बहुधा धर्मसंस्थेचे असते. हे आपल्याला रुचो वा न रुचो, मान्य करावयास हवे. वाकोल्याहून फार दूर नसलेल्या वांद्र्यात, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात, फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेल्या या धर्मगुरूने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड दिली. पुढे हे काम वसईपर्यंत आणि महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. २००९ साली फादर परेरांना पद्मश्री मिळाली.

आपल्यापैकी काहींना या साऱ्याचा संशय येतो. धर्माला अफूची उपमा देणाऱ्या मार्क्सचा दाखला देऊन ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हटले जाते. परंतु मार्क्सच्या काळी अफू हे वेदनाशामकही होते, हे विसरता कामा नये. दुखणाऱ्याला आधी आधार लागतो. तो आपण दिला नाही, म्हणून तो ज्याने दिला त्याच्याकडे माणूस गेला. दुसरा आक्षेप धर्मांतराचा. ज्या पद्धतीत ईश्वराची कल्पना ज्याची त्याने करावयाची असते आणि जिच्या जोडीला आसने असतात, तिच्यावर पुराव्यावाचून असा आरोप करणे हे जातीयवादी राजकारणाच्या पदरात माप टाकणे होय.

तथापि कृतज्ञता म्हणजे शरणागती नव्हे. जुन्या मद्यासक्ताने दारू एकाएकी तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. तेथे प्रार्थनेआधी डॉक्टर हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांना मानसिक आजारांत स्थान दिले आणि रुग्णाला क्रूर व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला. तो हक्क चर्चच्या केंद्रात, मठात किंवा खाजगी आश्रमात सारखाच लागू झाला पाहिजे. ज्याला प्रार्थना म्हणावयाची नाही, त्याचा उपचार तेवढ्यासाठी अडता कामा नये.

धर्मसंस्थेच्या छत्राविना हे काम होऊ शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे आणि वांद्र्यात समान धागा कोणता? सोबत, शिस्त, कुटुंबाचा सहभाग, आणि जो स्वतः या खाईतून वर आला त्याने पडलेल्याला दिलेला हात. समाजवाद्याला हे मूल्य परके वाटण्याचे कारण नाही. आपण त्यालाच बंधुता म्हणतो.

खरा हिशेब शासनाकडून घ्यावयाचा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू झोपड्यांतील अड्ड्यांत गेली. बंदी सैल झाली तेव्हा ती तिजोरीचा आधार बनली. विषारी दारू मात्र थांबली नाही: जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसे मेली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल असे सांगण्यात आले. आणि उपचार? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यासक्त ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही साहाय्य मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार तर १८० पैकी एकाला. मजुराच्या रोजंदारीतून उत्पन्न घ्यावयाचे आणि त्याचा आजार काही अनुदान देऊन स्वयंसेवी संस्थांच्या दयाबुद्धीवर सोपवावयाचा, हे कोणते अर्थशास्त्र?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने उपचारासाठी राखून ठेवावा. सांताक्रूझच्या व्ही. एन. देसाई रुग्णालयासारख्या पालिकेच्या प्रत्येक उपनगरी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा व नियमित बाह्यरुग्ण विभाग असावा. रोजंदारीवरील माणूस उपचारात असेतो त्याच्या घरी निर्वाहभत्ता पोहोचावा. अन्यथा चूल विझेल या भीतीने तो उपचार अर्धवट टाकून परतेल. सर्व केंद्रांची नोंदणी व तपासणी व्हावी.

कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. मोर्चाला येणारा सहकारी संध्याकाळी कोठे जातो, हे आपल्याला ठाऊक असते आणि आपण डोळेझाक करतो. उद्या त्याच्या घरी जा. त्याला उपचार घ्यावयाचा असेल, तर चर्चच्या दारापर्यंतही सोबत करा, आणि परतताना त्याच्या पत्नीची सही वरील मागण्यांच्या अर्जावर घ्या. पाद्र्याने आपले काम केले आहे. आपले अजून बाकी आहे.