मोगलाई गल्लोगल्ली, कोकणी जेवण कुठे?

मुंबईत पैसा टाकला की खाण्याचे काय मिळत नाही, असे लोक म्हणतात. महंमद अली रोडवर उभे राहून हे म्हणणे सोपे आहे. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या आसपास शहराच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, मालपुवा आणि फिरनी खातात. भेंडीबाजारातल्या नूर मोहम्मदी हॉटेलची सुरुवात १९२३ सालची. तिथली नल्ली निहारी खाल्ल्याशिवाय बाहेरगावच्या व्यापाऱ्याची मुंबईची फेरी पुरी होत नाही. दिल्लीचे आहे, लखनौचे आहे, हैदराबादचे आहे. पण याच व्यापाऱ्याने आम्हाला विचारले की शेठ, तुम्हा कोकणी लोकांचे जेवण कुठे मिळेल, तर आमची पंचाईत होते. घरी चला, एवढेच उत्तर आमच्याकडे असते.

मंगलदास मार्केट आणि शेख मेमन स्ट्रीटच्या कापड बाजाराला लागून जी जुनी जामा मशीद आहे, तिचा कारभार कोकणी मुसलमान जमातीकडे आहे. म्हणजे या शहरात आम्ही कालपरवा आलेलो नाही. रत्नागिरीकडची आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर खलाशी म्हणून गेली, गोदीत राबली, पुढे आखातात गेली. इतकी जुनी बिरादरी आणि तिच्या चुलीवरचा पदार्थ बाजारात नाही, ही गोष्ट व्यापारी माणसाला खटकली पाहिजे.

आमच्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कोकणी मुसलमानाचे सांदण फणसाचे नसते. तांदूळ भिजवून वाटायचा, नारळाचे दूध घालायचे, पीठ फुगू द्यायचे आणि छोट्या वाट्यांतून वाफवायचे. पांढरेशुभ्र, जाळीदार सांदण मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. अखनी म्हणजे बिर्याणी नव्हे. मटणाच्याच पाण्यात तांदूळ शिजतो, थर लावायचे नाहीत, रंग घालायचा नाही. रोजच्या जेवणात तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधातले माशाचे कालवण आणि आंबटपणाला आमसूल. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सोडे, जवळा, सुके बोंबील. हे सारे गरिबाघरचे आहे, पण चूक-मीठ कळणाऱ्या हाताशिवाय जमत नाही.

मध्यंतरी एका हॉटेलच्या फलकावर ‘कोकणी’ असा शब्द पाहून आम्ही मोठ्या आशेने आत शिरलो. समोर आली तीच लाल ग्रेव्ही. मालवणी, कोल्हापुरी, मोगलाई, सगळे एकाच पातेल्यातून. वरून खोबऱ्याचा कीस टाकला की झाले कोकणी. कबाबाचा लालभडक रंग तर मसाल्याचा नव्हताच. कर्नाटक सरकारने २०२४ साली कबाबात कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. आपल्या हॉटेलवाल्यांनी सरकारी बडग्याची वाट न पाहता रंगाची डबी फेकून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिवळ्या-लाल रंगाने गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही.

हॉटेलवाल्यांची बाजूही आहे. कांदा-टोमॅटोचा मसाला सकाळी करून ठेवला तर रात्रीपर्यंत चालतो, उरला तर फ्रीजमध्ये जातो. नारळाच्या दुधाचे कालवण मुंबईच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबते. सांदणाचे पीठ वेळेवर फुगले नाही तर सगळा घाणा फुकट. मेनूकार्डावर पन्नास पदार्थ ठेवणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की हा धंदा मोठ्या हॉटेलचा नाहीच. हा खानावळीचा आणि ऑर्डरचा धंदा आहे.

इतरांनी तो करून दाखवला आहे. गिरणगावात कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना बँक दारात उभी करत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केले आणि कर्ज मिळवून दिले. मालवणी आणि गोमंतकी जेवणाच्या साध्या खानावळी होत्या. आज त्या चवीसाठी मोटारवाले रांगा लावतात. बोहरा बिरादरीचा थाळ घराबाहेर कधी दिसत नसे. मुनाफ कपाडिया या तरुणाने कुलाब्याच्या आपल्या घरात, आईच्या हातचे जेवण पैसे घेऊन पाहुण्यांना वाढायला सुरुवात केली. त्यातून ‘द बोहरी किचन’ उभे राहिले आणि पुढे त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. आमच्याकडे मात्र बुजुर्ग म्हणतात, घरचे जेवण पाहुण्याला वाढायचे असते, विकायचे नसते. या भावनेची आम्ही कदर करतो. पण ज्या आजीला सांदण येते तिच्या नातीला ते येत नाही, हे आपण घरोघर पाहतो आहोत. नातीला त्यात रोजी दिसली तर ती शिकेल.

आता किराण्याकडे येऊ, कारण माल खोटा असेल तर आजीसुद्धा काय करणार? आम्ही कापडवाले आहोत. ताग्यातला एक धागा ओढून जाळला की कळते: सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. किराण्याच्या बाबतीत मात्र आपण चिठ्ठी वाचून माल घेतो. ‘वाडा कोलम’ म्हणून मुंबईत जो तांदूळ खपतो, तेवढा पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात पिकणे शक्य तरी आहे का? त्या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गोणीवर नाव छापणारे छापतातच. सोलापुरी चादरीचे दुःख जाणणाऱ्या आमच्या विणकर भावांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मार्क मिळतो, पण नाव चोरणारा थांबत नाही.

मिरचीची तीच कथा. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीच्या मधली. तयार लाल पुडीत काय आहे ते कोणाला दिसते? चिमूटभर पूड पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावी; रंगाच्या रेषा सुटून खाली उतरू लागल्या तर दुकान बदलावे. सुटी दळलेली मसाला पूड विकायला कायद्याने मनाई आहे, तरी ती राजरोस विकली जाते. त्यापेक्षा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मिरची गल्लीतून किंवा लालबागहून अख्खी मिरची, धणे, खडा मसाला निवडून घ्यावा. लालबागला भाजून, डंकावर कुटून मिळतो. समोर उभे राहावे, वेळ जातो पण माल आपल्या डोळ्यांदेखत होतो. सुक्या मासळीसाठी मरोळचा बाजार आहे. आमसुलाचे म्हणाल तर ते गावाहून मागवणेच बरे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून गावचा माल मुंबईत आणणे ही काही मोठी मोहीम राहिलेली नाही.

इथेच आमच्या छोट्या दुकानदारांना संधी आहे, आणि धोकाही. आता मोबाइलवर बोट दाबले की दहा-पंधरा मिनिटांत किराणा दारात येतो. साखर-तेलाच्या भावात त्या कंपन्यांशी टक्कर देणे मुंब्रा-कुर्ल्याच्या दुकानदाराला जमणार नाही. पण हे सोडे श्रीवर्धनचे, हे आमसूल राजापूरचे, हा तांदूळ गुजरातचा आहे पण चांगला आहे, असे गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरे सांगणे त्याला जमेल. तांदूळ गुजरातचा असणे हा गुन्हा नाही. त्याला वाड्याचा म्हणणे हा गुन्हा आहे. आमच्या पेढीवर पॉवरलूमच्या साडीला आम्ही हातमागाची म्हणत नाही, तरी ती विकली जातेच.

ज्यांच्या घरी हात चांगला आहे त्यांनी खानावळीचा विचार करावा. छोट्या धंद्याला अन्न सुरक्षा खात्याची साधी नोंदणी लागते, ती आधी करावी. नंतर नोटीस आली म्हणून रडू नये. जागा भाड्याने घेण्याची घाई नको. आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत, शुक्रवार आणि रविवार. ऑर्डर आदल्या दिवशी घ्यावी, निम्मे पैसे आगाऊ. पदार्थ तीनच: सांदण, अखनी, एक कालवण. दुपारी संपले तर संपले, उद्याच्यासाठी पाणी वाढवून पुरवू नये. आणि घरच्या बायकांच्या हातचे विकायचे, गल्ला मात्र पुरुषांनी सांभाळायचा, ही रीत आम्हाला मान्य नाही. खाते तिच्या नावाने असावे.

दर किती ठेवावा, असे लोक विचारतात. नारळ, मटण, गॅस आणि करणारीची मजुरी धरून हिशेब करावा. मजुरी बहुतेक लोक धरतच नाहीत, आणि मग सहा महिन्यांत धंदा बंद पडतो.