भिंतीपलीकडचा आवाज

यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'स्त्रियांसाठीचे कायदे पुरुषांवर अन्याय करतात'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या एका मित्राने ठासून सांगितले, "हे कायदे शहरातल्या शिकलेल्या बायकांनी आणले. खेड्यातल्या बाईने ते मागितले होते कधी?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी श्रोत्यांत होते. उत्तर ओठांवर होते, पण उठून बोलण्याचे धाडस झाले नाही. म्हणून आज लिहिते आहे.

खेड्यातल्या बाईने मागितले होते, तेही आपल्याच खानदेशात! नरडाण्याच्या वायव्येला, तापीपलीकडे शहादा तालुका आहे. १९९८ पर्यंत तो आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. तेथील आदिवासी शेतमजूर श्रमिक संघटनेत एकत्र आले. जमिनीसाठी, मजुरीसाठी लढले. १९७२-७३ च्या सुमारास त्या लढ्यातल्या स्त्रियांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. 'स्त्रीवाद' हा शब्द त्यांतल्या कितीजणींनी ऐकला असेल? पण नवऱ्याची मारहाण ही चार भिंतींतली बाब नाही, हे त्यांनी कृतीने सांगितले.

सरकारला हे पटायला वेळ लागला आणि ते आपोआप पटले नाही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन ठिकठिकाणी नेले. हुंडाबळींविरुद्ध देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले आणि सासरचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच पीडित स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला. १९९४ साली महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. पुढे स्त्री-संघटनांच्या व वकिलांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा झाला. पीडितेला घरातून हाकलता येणार नाही, असे त्याने बजावले.

गैरवापराचे काय, असे मित्र विचारतील. काही खटले खोटे असतीलही. म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा तक्रारीवर सरसकट अटक करू नये, असे बजावले. पण दुसरी बाजूही पाहावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम चौदा जणींनी कुणाची मदत मागितली. मग उरलेल्या शहाऐंशी जणी कुठे आहेत?

त्यांतली एक आमच्या भिंतीपलीकडे राहते. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत रात्री मी वाचत बसले की पलीकडून आवाज येई. भांडे आदळल्याचा, मग माणसाला मारल्याचा. मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "त्यासना घरनी बात शे, आपले काय करनं शे?" आईला दोष कसा देऊ? तिच्या आईनेही तिला हेच सांगितले असेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. मी काय केले? पुस्तक उचलले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. सकाळी वहिनी नळावर भेटल्या. पदर गालावर ओढून त्यांनीच विचारले, "पेपर कसा गेला?"

२००५ च्या कायद्याचे चौथे कलम मला नंतर कळले. हिंसा होत आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. शेजारीसुद्धा! सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे, 'आपले काय करनं शे' या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. शहाद्याच्या बायांनी ते त्याआधी तीस वर्षे दिले होते.

कायदे झाले, कक्ष उघडले, १८१ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. पण भिंतीपलीकडचा आवाज सरकारला ऐकू येत नाही. तो आपल्याला येतो. परवा मी तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून वहिनींच्या हाती दिला. त्या काही बोलल्या नाहीत. पण चिठ्ठी परतही केली नाही.

मित्रांनो, टाळ्या वाजवण्याआधी एकदा आपापल्या भिंतीला कान लावून पाहाल का?

(द्वितीय वर्ष, कला)