'एमपी४ मध्ये द्यावे' एवढ्याने भागणार नाही

मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून घेण्यासाठी निघालेली एक निविदा मध्यंतरी वाचनात आली. कोणाची, ते राहू द्या. फाइलबद्दल तिच्यात एकच ओळ होती : सर्व चित्रीकरण एमपी४ मध्ये, कमीत कमी आकारात द्यावे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. डिस्कवर जागा कमी, पैसे त्याहून कमी. पण एमपी४ हे नुसतं वेष्टन. आतलं चित्र किती दाबून भरलंय, ते त्यावरून कळत नाही. आणि 'कमीत कमी'ला तळ कुठला? कंत्राटदाराने तासाभराचं चित्रीकरण ५०० एमबीत कोंबलं, तरी कागदोपत्री काम चोख झालं.

राज्य नाट्य स्पर्धा तुम्ही भरवता आणि लोककलांच्या योजनाही तुमच्याकडे आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला. नाट्यसंस्थांच्या कपाटांत, फडमालकांच्या घरी, लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या माळ्यांवर व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेटी बुरशी धरत पडल्या आहेत. नाटकाची कॅसेट गेली तर निदान संहिता उरते. तमाशातली बतावणी मात्र बरीचशी समोरचा प्रेक्षक बघून जागच्या जागी घडते, तिचा कागद कुठून मिळणार? युनेस्कोचा 'माहिती सर्वांसाठी' हा कार्यक्रम आणि ध्वनी-दृश्य संग्रहांची आयासा ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय टेपांबद्दल इशारा दिला होता, त्यात २०२५ ही धोक्याची रेषा मानली होती. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. म्हणजे बहुतेक कॅसेटी यापुढे एकदाच नीट वाजतील, आणि त्या एका वाजण्यातून आपण काय उतरवून घेतो, यावर सगळं आहे.

आता जागेचा हिशेब. संस्थेकडे तीन तासांच्या १०० व्हीएचएस कॅसेटी आहेत असं धरू, म्हणजे ३०० तास. पाल पद्धतीचं चित्र अजिबात न दाबता १० बिटमध्ये उतरवलं तर तासाला सुमारे ९३ जीबी लागतात, एकूण २८ टीबी. कोणत्याही सचिवाला घाम फुटेल. तेच एच.२६४ मध्ये ४ एमबीपीएसने दाबलं, तर ५४० जीबीत, एका छोट्या डिस्कवर मावतं. निविदेतली ती ओळ इथूनच जन्मते.

या दोन टोकांच्या मध्ये एफएफव्ही१ नावाचं कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची रीत, आहे. ते लॉसलेस आहे : पैठणीची घडी घातली म्हणून तिचा धागा तुटत नाही, आणि एच.२६४ मात्र कात्री चालवतं. एफएफव्ही१ने आकार साधारण निम्मा ते एक तृतीयांश होतो. चित्रात मुंग्या जास्त असतील तर बचत कमी, हेही सांगून टाकतो. व्हीएचएसला ८ बिट पुरेत असं माझं मत आहे, त्याने आणखी जागा सुटते. हे कोडेक मुक्त आहे, त्याला परवाना शुल्क नाही, त्याची व्याख्या २०२१ पासून आरएफसी ९०४३ म्हणून सर्वांसाठी खुली आहे, आणि व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियाच्या मीडियाथेकमध्ये ते वापरात आहे. शिवाय त्याची तिसरी आवृत्ती चित्राच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा साठवू शकते, त्यामुळे पुढे डिस्क सडली तर नुकसान नेमकं कुठे झालं ते कळतं. दाबलेल्या एच.२६४ फाइलमध्ये एक फ्रेम बिघडली की तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या फ्रेमही बिघडतात.

कात्री लागते कुठे, तेही बघा. रंगमंचावरचा अंधार एच.२६४सारख्या कोडेकांना मुळीच मानवत नाही. कमी बिटरेटवर ब्लॅकआउटच्या आधीचा मंद प्रकाश चौकोनी ठिगळांत बदलतो, आणि त्यात नटाचा चेहरा गेला की गेला. लावणीचं दुखणं आणखी वेगळं. पाल व्हिडिओत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, दोन-दोन मिळून एक फ्रेम. संगणकावर हलत्या पायांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात, म्हणून दुकानदार उत्साहाने डी-इंटरलेस करून २५ पूर्ण फ्रेम देतो. चित्र गुळगुळीत दिसतं खरं, पण निम्मे क्षण टाकले जातात किंवा एकमेकांत मिसळतात. जिथे सगळी कला पायांत आहे तिथेच हे व्हावं! मूळ प्रतीत त्या रेषा तशाच राहू द्याव्यात. गुळगुळीत करायचं ते दाखवायच्या प्रतीत. 'फोर के करून देतो' म्हणणाऱ्यांबद्दल तर काय लिहू? व्हीएचएसमध्ये जे नाही, ते मोठ्या फाइलमध्ये कुठून येणार!

पण सगळ्यांना एफएफव्ही१ सक्तीचं केलंत, तर तेही चुकेल. मिनी डीव्हीची कॅसेट मुळातच डिजिटल असते. फायरवायरने ती जशीच्या तशी उतरवावी, तासाला १३ जीबी, बस्स. मोबाइलवर किंवा नव्या कॅमेऱ्यावर टिपलेला प्रयोग आधीच एच.२६४ मध्ये आहे. त्याचं एफएफव्ही१ करणं म्हणजे गेलेलं काही परत न मिळवता फाइल कित्येक पट फुगवणं. ती मूळ फाइलच जपावी, पुन्हा दाबू नये. यूट्यूबवर टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तिथे प्रत्येक फाइल पुन्हा दाबली जाते.

मग जागा वाचवायची कुठे? माझ्या मते निवडीत. या १०० कॅसेटींमध्ये एकाच प्रयोगाच्या प्रतींच्या प्रती निघतील, टीव्हीवरून उतरवलेले क्रिकेटचे सामने निघतील, सत्काराची भाषणं तर हमखास. मूळ कॅसेट कोणती आणि नक्कल कोणती, हे त्या वेळच्या माणसांना बसवून ठरवलं, तर यादी बरीच आटोपशीर होईल. उरलेल्यातही डावं-उजवं करता येतं. प्रयोग आणि बतावणी लॉसलेस. तालमी आणि भाषणं एच.२६४ मध्ये २० एमबीपीएसने, इंटरलेस्डच, तासाला ९ जीबी. भाषणकर्ते रागावतील, पण तेवढं सोसावं लागेल.

तुमच्याकडे मागणं अनुदानवाढीचं नाही, एका पानाचं आहे. कोणत्या कॅसेटीसाठी कोणता फॉरमॅट, दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा, एवढं त्या पानावर असावं आणि अनुदानाच्या अटींना ते जोडावं. सोबत प्रत्येक विभागाच्या ठिकाणी एक चांगला एस-व्हीएचएस प्लेअर आणि चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर ठेवावा, पाळीपाळीने संस्थांना वापरता येईल असा. डळमळतं चित्र स्वस्तातल्या यूएसबी डोंगलमधून उतरवलं, तर ती थरथर आपण लॉसलेस जपून ठेवू! यंत्रं मात्र लवकर शोधायला हवीत. चालू स्थितीतली आता भंगारात आणि जुन्या स्टुडिओंतच सापडतात, आणि ती दुरुस्त करू शकणारे कारागीर साठीच्या पुढे गेले आहेत.

कळावे,

आपला,
एका हौशी नाट्यसंस्थेच्या कॅसेटी सांभाळणारा