वरातीमागून वीज!

बुटीबोरीच्या चौकात सायंकाळी अर्धा तास उभे राहावे, म्हणजे विदर्भाच्या उद्योगधंद्याची नाडी हाती लागते. एक रस्ता हैदराबादेकडे जातो, दुसरा वर्धा-यवतमाळकडे वळतो. पाठीशी नागपूर आणि बाजूला औद्योगिक वसाहत. कृत्रिम धागा, टायर, वीजवाहिन्यांचे पोलादी मनोरे असा नाना तऱ्हेचा माल घेऊन मालमोटारी येथून चारी दिशांना लागतात आणि मागे डिझेलचा धूर ठेवून जातात. या मालमोटारी उद्या विजेवर चालाव्यात असे सरकारने ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांना वीज किती लागेल, ती कोणत्या वेळी, कोणत्या दराने आणि कोणत्या तारेवरून मिळेल, हे त्यांच्या मालकांना समजावून सांगावयाचे कोणी, हे मात्र कोणी ठरविलेले दिसत नाही. हाच प्रश्न आज आम्ही पहिल्या पानावर मांडीत आहोत.

प्रश्न किरकोळ नव्हे. देशातील एकूण वाहनांत मालमोटारींचे प्रमाण अवघे तीन टक्के. परंतु वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्क्यांचा, असे केंद्र सरकारच सांगते. म्हणूनच २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी ५०० कोटी रुपये विजेवरील मालमोटारींसाठी राखून ठेवले गेले. २०२५ च्या जुलैत तिचे नियम जाहीर झाले. एका गाडीमागे अधिकाधिक ९ लाख ६० हजार रुपये, सुमारे ५,६०० गाड्यांना मदत, आणि जुनी गाडी मोडीत काढल्याचा दाखला आणण्याची अट, असे त्यांचे स्वरूप आहे. पुढे योजनेची मुदतही मार्च २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. गाडी घेण्यासाठी पैसे आहेत, मुदत आहे, अटी आहेत. नाही तो एक शहाणा सल्लागार.

सल्ल्यावाचून काय होते, हे नागपूरकरांस निराळे सांगावयास नको. २०१७ च्या मे महिन्यात, मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत, ओला कंपनीच्या २०० विद्युत वाहनांचा ताफा याच शहरात मोठ्या थाटाने रस्त्यावर आला. देशातील तो पहिला प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले. परंतु वर्ष उलटण्यापूर्वीच चालक कुरकुरू लागले. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांग, त्या वेळेत बुडणारे भाडे, आणि अखेर 'आम्हांला आमची डिझेलची गाडीच बरी' हे उद्गार. दोष गाडीचा नव्हता आणि चालकाचा तर नव्हताच. गाड्या आधी आल्या आणि विजेचा विचार मागाहून झाला. वरातीमागून घोडे येतात, तशी वरातीमागून वीज आली. टॅक्सीच्या बाबतीत जे घडले ते मालमोटारींच्या बाबतीत घडले, तर त्याचे परिणाम शतपट भारी ठरतील. कारण येथे एकेका वाहनाची भूक घरगुती मोटारीच्या कितीतरी पट आहे.

या भुकेचे गणित शाळेतील अंकगणिताहून अवघड नाही. समजा, बुटीबोरीतील एका मालकाच्या दहा मालमोटारी आहेत आणि प्रत्येकीला दिवसाकाठी २०० युनिटे लागतात. म्हणजे एकूण २,००० युनिटे. या दहाही गाड्या सायंकाळी सात वाजता आवारात आल्या आणि चालकांनी त्या १२० किलोवॉटच्या दहा चार्जरांना एकदमच जोडल्या, तर भार होतो १,२०० किलोवॉट. त्याच गाड्या आठ तासांत, पाळीपाळीने, भरल्या तर भार होतो २५० किलोवॉट. गाड्या त्याच, युनिटे तीच, किलोमीटरही तेच. फरक केवळ नियोजनाचा. परंतु उच्चदाबाच्या ग्राहकाला बिल केवळ युनिटांचे येत नाही. त्याने करारात किती मागणी नोंदविली आणि प्रत्यक्षात ती किती चढली, यावरही महिन्याच्या महिन्याला आकार बसतो. पहिल्या मालकाला जवळजवळ पाचपट मागणी नोंदवावी लागेल, मोठे रोहित्र बसवावे लागेल, कदाचित उपकेंद्रापासून नवी वाहिनीही ओढून घ्यावी लागेल. दुसऱ्याचे काम आहे त्या व्यवस्थेत थोडी भर घालून भागेल. एकाचे दिवाळे आणि दुसऱ्याचा नफा यांमध्ये एका जाणत्या अभियंत्याच्या दोन दिवसांच्या मेहनतीचे अंतर आहे.

दराचा गुंता याहून अवघड. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र दरवर्ग निर्माण केला. मात्र ग्राहक आपल्याच आवारात आपलीच गाडी भरीत असेल, तर त्या आवाराचा जो वर्ग तोच लागू, असेही ठरविले. म्हणजे कारखान्याच्या आवारात गाडी भरली तर एक दर, वाहतूकदाराच्या स्वतःच्या तळावर भरली तर दुसरा आणि सार्वजनिक केंद्रावर तिसरा! त्यात आता घड्याळाचीही भर पडली आहे. केंद्राने २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत महाग ठेवावयाची आहे. पदवीधर माणसाला हे दरपत्रक दोनदा वाचावे लागते. ज्याने आयुष्यभर डिझेलचा भाव एका फलकावर वाचला, त्या गाडीमालकाने ते कोणाकडून समजून घ्यावे? गाडी विकणाऱ्या दलालाकडून की चार्जर विकणाऱ्या कंपनीकडून?

कोणी म्हणेल, बुटीबोरीला विजेची चणचण ती कसली! कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे याच जिल्ह्यात आहेत. खुद्द बुटीबोरीत ६०० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, २०१९ पासून तो बंद पडला आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून नव्या मालकाकडे गेला. परंतु जिल्ह्यात वीज तयार होणे निराळे आणि ती हव्या त्या दाबाने, हव्या त्या वेळी दाराशी येणे निराळे. धरणाच्या काठी राहणाऱ्याच्या घरी नळाला पाणी असतेच असे नव्हे. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. मालमोटारी रात्री कोळशाच्या विजेवर भरल्या, तर महामार्गावरचा धूर काही अंशी कोराडीच्या चिमणीत जाऊन बसेल, एवढेच. दुपारच्या उन्हात तयार होणाऱ्या विजेवर त्या भरल्या, तरच या खटाटोपाला पुरता अर्थ. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या फाटकांबाहेर माल भरण्याची वाट पाहात गाड्या भर दुपारी उभ्या असतात. हाच वाया जाणारा वेळ चार्जिंगचा वेळ होऊ शकतो. मात्र त्यासाठी चार्जर मालकाच्या तळावर नव्हे, तर कारखान्याच्या फाटकाशी हवा. ही साधी गोष्टही कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज सुचत नाही.

अन्यत्र हे काम वीज कंपन्यांवर सोपविण्यात आले आहे. कॅलिफोर्नियातील नियामक आयोगाने २०१८ मध्ये तेथील मोठ्या वीज कंपन्यांना मालमोटारी आणि बसगाड्यांच्या चार्जिंगची पूर्वतयारी करण्यासाठी कोट्यवधी डॉलरांचा खर्च मंजूर केला. न्यूयॉर्कच्या आयोगाने २०२० च्या जुलैत वीज कंपन्यांना ताफ्यांच्या तपासणीची सेवा देण्यास सांगितले. कंपनीने आवार पाहावयाचे, तेथे किती भार पेलेल ते सांगावयाचे आणि दरांची तुलना करून द्यावयाची, असा तिचा आशय. अमेरिकेत जे होते ते सारे येथे यावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वीज विकणाऱ्यानेच वीज शहाणपणाने कशी वापरावी हे ग्राहकाला शिकवावे, या कल्पनेत परकीय असे काहीच नाही.

महाराष्ट्रात हे काम महावितरणचे आहे. ती राज्यातील चार्जिंग व्यवस्थेची नोडल संस्था आहे आणि तिने स्वतःची काही केंद्रेही उभारली आहेत. यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ट्रकमालकांच्या सल्ल्याचा खर्च घरगुती ग्राहकाच्या बिलात का घालावा? रास्त आक्षेप आहे. परंतु नियोजनावाचून वाढलेल्या भारासाठी उद्या जी रोहित्रे आणि उपकेंद्रे वाढवावी लागतील, त्यांचा खर्चही अखेर सर्वांच्याच बिलात उतरतो, आणि तो सल्ल्याच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीज विकणारा सल्लागार निःपक्षपाती कसा राहील? यासाठी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकांना या कामात जोडून घ्यावे आणि दिलेला सल्ला लेखी असावा. ज्याचा ट्रक रोज हैदराबादेला जातो, त्याला 'तूर्त घेऊ नका' असे सांगण्याचे धैर्य सल्लागारात हवे; आणि ज्याचा ट्रक बुटीबोरी, मिहान आणि हिंगणा यांमध्येच फेऱ्या घालतो, त्याला 'आजच विचार करा' असे सांगण्याची तत्परता हवी.

येथे खरा प्रश्न न्यायाचा आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने २०२५ च्या सप्टेंबरात बॅटरी बदलता येणाऱ्या ५० जड मालमोटारी एकदम रस्त्यावर आणल्या. मोठ्या बंदराला, मोठ्या सिमेंट कंपनीला सल्लागार विकत घेता येतात. परंतु आपल्या देशातील बहुसंख्य मालमोटारी पाचांहून कमी गाड्या असणाऱ्या मालकांच्या आहेत. बँकेचे कर्ज, पत्नीचे दागिने आणि स्वतःचे रात्रंदिवस जागरण यांच्या भांडवलावर त्यांनी धंदा उभा केला आहे. विजेवरील गाडीची किंमत डिझेलच्या गाडीच्या दुपटी-तिपटीच्या घरात जाते. चुकीची गाडी, चुकीचा चार्जर किंवा चुकीची जोडणी घेतली, तर मोठी कंपनी तो तोटा ताळेबंदात जिरवील. लहान मालक मात्र उठूच शकणार नाही. आणि त्याने भीतीने काहीच केले नाही, तर धूरविरहित वाहतूक मागणारे कारखाने उद्या त्याचे भाडे दुसऱ्याला देतील. दोन्हीकडून मरण त्याचेच. पैसे भरून वीजजोडणीची वर्षानुवर्षे वाट पाहणारा शेतकरी विदर्भाने पाहिला आहे. तशीच रांग ट्रकमालकांची लागू नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महावितरणने बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एक सल्ला कक्ष उघडावा. त्यात मराठीतून आणि हिंदीतून बोलणारा एक अभियंता असावा. त्याने मालकाच्या तळावर आणि कारखान्याच्या फाटकावर स्वतः जावे, गाड्यांच्या फेऱ्यांची वही पाहावी, आणि कोणत्या गाड्या आधी बदलाव्यात, किती भार मागावा, कोणत्या वर्गात, कोणत्या वेळी गाड्या भराव्यात, हे एका कागदावर लिहून द्यावे. दहापेक्षा कमी गाड्या असणाऱ्यांकडून त्याचे शुल्क घेऊ नये. कोणत्या उपकेंद्रावर किती भार शिल्लक आहे, हे महावितरणने जाहीर करावे. नियामक आयोगाने या खर्चाला मर्यादा घालून मंजुरी द्यावी आणि वर्षाअखेर हिशेब मागावा. शिवमडक्यापासून मुंबईच्या दिशेने निघणारा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुला आहे. नागपूरची मालवाहतूक वाढणारच. ती कोणत्या इंधनावर वाढावी, याचा निर्णय पुढच्या दोन-तीन वर्षांत होणार आहे.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. बुटीबोरीत अजून तहान पुरती लागलेली नाही. म्हणूनच विहीर खणण्याची वेळ हीच आहे. महावितरणने कुदळ उचलावी.